धाकट्याचा कोट

छप्पन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या आणि स्वतःचं दुकान असलेल्या माणसाला सहसा कुणी बटण्या म्हणत नाही. त्याचे धाकटे काका मात्र म्हणायचे. बटण्या तीन वर्षांचा असताना त्याने कोटाचं एक बटण गिळलं होतं, आणि ते परत मिळेपर्यंत बाप आणि तिन्ही काका हातातली कामं टाकून त्याच्यावर पहारा देत बसले होते. बटण मिळालं, धुतलं गेलं, एका वकिलाच्या कोटाला लागलंसुद्धा. नाव मात्र पोराला चिकटलं. पुढे त्या नावाने हाक मारणारे एकेक करून गेले आणि शेवटी फक्त धाकटे काका उरले. ते गिऱ्हाइकांसमोरही "बटण्या, टेप दे" म्हणायचे आणि बटण्या कपाळाला आठ्या घालायचा. पण मागे एकदा काका तापाने वरच्या खोलीत पडून होते, तेव्हा दुकानात दिवसभर सगळे "मास्तर, मास्तर" करत राहिले, आणि आपण कुणा परक्याच्या दुकानात बसलोय असं त्याला वाटलं होतं.

घर वर, दुकान खाली. खिडकीशी कापड कापायचं टेबल, पलीकडे दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावलेला उंच आरसा. आरशाशेजारी काकांची खुर्ची, आणि समोरच्या भिंतीवर चार भावांचा फोटो. काकांचं वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पँटची वाकडी शिवण खुर्चीतून दिसायची, आणि दिसली की त्या माणसाला ती कळल्याशिवाय राहायची नाही.

फोटो दुकानाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा. चार म्हातारे, चार खुर्च्या. डावीकडे थोरले, म्हणजे बटण्याचे वडील. त्यांना अख्खं घर दादाच म्हणायचं, मुलगासुद्धा. मधे जुळे भाऊ. ते आयुष्यभर एकमेकांशी कात्री मागण्यापुरतं बोलले आणि कात्री परत देताना तेवढंही बोलले नाहीत. उजव्या टोकाला धाकटे काका. तिघांच्या अंगात कोट, नुसती नजर टाकली तरी इस्त्रीची ऊब लागावी असे. काका मात्र शर्टावर. गळ्यात मापाची टेप आणि चेहऱ्यावर, ज्याचं ताट वाढायचं राहून गेलंय अशा माणसाचा भाव.

त्याचं कारण घराच्या रिवाजात होतं. या घरात आपला कोट आपण शिवायचा नाही. दादांचा कोट पहिल्या जुळ्याने शिवायचा, पहिल्याचा दुसऱ्याने, दुसऱ्याचा धाकट्याने आणि धाकट्याचा दादांनी. ट्रायलला आरशासमोर उभं राहून, अंगात घालणाऱ्यानेच "बसला" म्हणायचं. शिंप्याने आपण होऊन म्हणायचं नाही. तो एक शब्द आला की कोट अंगावरून उतरवायचा नाही, घालूनच घरी जायचं. दोष असेल तर तोंडावर सांगायचा, पण नसलेला दोष काढणं म्हणजे पाप. दादा याबाबतीत फार कडक. माप घेताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की ते टेप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पोट सोडा. कापडाला खोटं माप कळतं."

तर फोटोच्या वेळी तिघांचे कोट झाले आणि काकांचा राहिला. एका लग्नाचे सहा कोट मधे आले आणि दादा म्हणाले, "घरचा माणूस आहे, थांबेल." काका थांबले. काही महिन्यांत दादाच गेले. काकांच्या कोटाचं कापड, राखाडी, बारीक रेघेचं, कापून टेबलावर ठेवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते तुकडे नव्हते. कपाटं रिकामी केली, माळा उपसला, जुळ्यांनी एकमेकांवर संशय घेतला, पण तुकडे काही सापडले नाहीत. काकांनी मग एकच सांगायला सुरुवात केली, "दादा माझं कापड घेऊन गेला." दुसरा कोट त्यांनी शिवून घेतला नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तरी म्हणायचे, "घालायला कोट कुठे होता?" वास्तविक लग्नाचं वय उलटून तेव्हा तीस वर्षं झाली होती.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी काका फोटोकडे बघत म्हणाले, "बटण्या, माझ्या खांद्यावर काय आहे?"

बटण्याने काकांच्या खांद्याकडे पाहिलं. "काही नाही."

"इथे नाही. तिथे."

फोटोतल्या काकांच्या डाव्या खांद्यावर राखाडी डाग होता. भिंतीला ओल आली असणार. बायको फडकं घेऊन आली, काच पुसली, फ्रेम मागून चाचपून पाहिली. "ओल असती तर आधी दादा भिजले असते," ती म्हणाली, "ते नळाच्या बाजूला आहेत." मग दूध उतू जाईल म्हणून ती वर गेली. तिचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून बटण्याने तो विषय सोडून दिला.

आठवड्याभरात डाग छातीपर्यंत उतरला. रोज समोर टांगलेल्या वस्तूकडे माणूस बघत नाही, हे बटण्याला मान्य होतं. हा डाग कदाचित पहिल्यापासूनच असेल. खात्री करावी म्हणून त्याने मोबाईलवर फोटोचा फोटो काढून ठेवला. चार दिवसांनी भिंतीवरच्या काकांना डावी बाही आली होती. त्याने मोबाईल उघडून पाहिला. त्यातही बाही होती. त्याने मोबाईल बंद केला, पुन्हा चालू केला, चष्मा पुसला, आणि मग एका गिऱ्हाइकाची पँट दोन इंच आखूड करून ठेवली. गिऱ्हाईक चांगलंच बोललं.

काका वर्तमानपत्र वाचायला भिंग वापरायचे. ते घेऊन बटण्या स्टुलावर चढला. बाहीला पांढरा कच्चा दोरा होता, लांब लांब टाके, दादा घालायचे तसे. कोटाचा एक पल्ला अजून शिवलेला नव्हता आणि त्याची आतली बाजू दुमडून वर आली होती. तिथे खडूने काहीतरी काढलं होतं.

दादा कापलेल्या तुकड्यांवर कधी नाव लिहीत नसत, खूण काढत. डॉक्टरसाठी चष्मा, पोस्टमास्तरसाठी पाकीट, बेकरीवाल्यासाठी पाव. पोराच्या कपड्यांवर ते एक गोल काढून त्यात चार ठिपके द्यायचे. ते बटण. आणि धाकट्या भावासाठी नांगी वर केलेला विंचू.

बटण्या स्टुलावरून उतरला.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"विंचू."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "म्हणजे कापड त्यानेच नेलं होतं. मी सांगत होतो तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. काकांनी खुर्ची पुढे ओढून घेतली, मान तिरकी केली आणि आपल्याच फोटोकडे, पैसे दिलेल्या गिऱ्हाइकासारखं बघायला लागले. "खांदा बघ," ते मोठ्याने म्हणाले. "झोल आहे. वय झालं त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाही उसवलेली होती. दादांचे हात फोटोत पहिल्यापासून गुडघ्यांवर होते, त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. आता उजव्या हाताच्या मधल्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान होतं.

बटण्याने बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. "तुमच्या वडिलांचा चेहरा आधीपासूनच असा वैतागलेला होता का?" एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने फोटोची काच पुसायचं बंद केलं.

खरी गोष्ट बटण्याच्या डोक्यात शिरली ती चहा पिताना. काका बशीत चहा ओतत सहज बोलून गेले, "झाला कोट, की घालून निघायचं. इतकी वर्षं थांबलो."

"कुठे निघायचं?"

"ट्रायल झाल्यावर गिऱ्हाईक कुठे जातं?" काका म्हणाले. "घरी."

बटण्याने कप खाली ठेवला. त्या दुपारी काका वर झोपले असताना त्याने फोटो काढला, चादरीत गुंडाळला आणि कपड्यांच्या कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवला. काका खाली आले, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी दाढी केली नाही. दुपारी बेकरीवाला वाकडी शिवण घेऊन दुकानासमोरून दोनदा गेला, तरी त्याला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मात्र बटण्या हादरला.

"काका, काही तरी खा."

"ट्रायलच्या मधे गिऱ्हाइकाला आरशासमोरून हलवतात का रे?" काका म्हणाले. "तुझ्या बापाने हेच शिकवलं तुला?"

फोटो परत खिळ्यावर गेला. कपाटात असताना कोटाला अस्तर लागलं होतं.

मग बटण्याला दुसरी युक्ती सुचली. दोष असेपर्यंत कोट पुरा होत नाही, आणि दोष काढण्यात काकांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तो रोज सकाळी शटर उघडताच काकांना फोटोसमोर बसवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय कोट?" काका सांगायचे. कॉलर मानेपासून सुटतेय. खिसा तिरका आहे. उजवा पल्ला डाव्यापेक्षा दोराभर खाली आहे. जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी उसवलेलं असायचं, तिसऱ्या दिवशी नव्याने शिवलेलं. बटण्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ज्या हाताखाली आपण शिकलो त्या हाताला काय काय येत होतं.

आणि काकांची तब्येत सुधारली. पूर्वी अर्धा पाव खायचे, आता दोन खाऊन तिसऱ्याकडे बघायला लागले. आवाजाला धार आली. डॉक्टर पँटचं माप द्यायला आले, त्यांनी सहज काकांची नाडी पाहिली आणि कुठली गोळी चालू आहे ते विचारलं. "भावाचे दोष काढतो," काका म्हणाले, "उपाशीपोटी." डॉक्टर हसले. त्यांच्या शर्टाची उजवी बाही आखूड आहे हे काकांनी त्यांना सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले.

थंडी गेली, उन्हाळा आला. कोट हळूहळू असा झाला की बटण्याची नजर तिथून हलेना. खरे दोष संपत आले तसे काका बारीक दोष काढू लागले, आणि बारीक संपले तसे, बटण्याच्या लक्षात आलं, खोटे काढू लागले. बटणं गडद आहेत. काजं जवळजवळ आहेत. बटण्या मनातून खूश होता. पाप असेल तर असो, ते आपल्या डोक्यावर. काका असेच खोटं बोलत शंभरी गाठोत.

फक्त दादांचा चेहरा बदलत होता. रागावलेला नव्हता. खांदे उतरले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. डाव्या हाताच्या एका बोटाला कापडाची चिंधी गुंडाळली होती. बटण्याने ते पाहिलं आणि काकांना सांगितलं नाही. पण काकांना रस्त्यावरची शिवण दिसायची, तर ही चिंधी काय दिसली नसेल.

मग एका सकाळी शटर वर गेलं, खिडकीतून ऊन आलं, आणि कोट तयार होता.

कच्चा दोरा कुठेच नव्हता. खांदा असा पडला होता की त्याखाली म्हाताऱ्याचा उतरता खांदा आहे हे कुणाच्या ध्यानात येऊ नये. रेघेला रेघ जुळली होती, खिशावरसुद्धा.

काका खुर्चीतून उठले. काठी न घेता फोटोपाशी गेले.

"बाही," बटण्या घाईने म्हणाला. "काका, बाही आखूड वाटते."

"नाही."

"पाठीत घोळ असेल. पाठ कुठे दिसतेय आपल्याला?"

"ज्याने पुढचं असं केलं तो पाठीत घोळ ठेवेल?"

"बटणं तरी. परवा तुम्हीच म्हणालात."

"परवा खोटं म्हणालो." काका वळले. त्यांचे डोळे भरले होते. "तू शिंपी आहेस ना? मग तू सांग. दोष आहे?"

बटण्याने पाहिलं. त्याला काहीही चाललं असतं, एखादी चुणी, एखादा सुटलेला टाका. तो खूप वेळ शोधत राहिला. हो म्हणायला त्याने तोंडही उघडलं, पण जीभ वळेना. ती काही त्याची एकट्याची जीभ नव्हती, चार म्हाताऱ्यांनी घडवलेली होती.

"बोटाला चिंधी बांधून बसलाय बघ," काका हळू म्हणाले. "दमला तो, बटण्या. किती उसवायला लावू?"

"मग मला कोण राहिलं?" बटण्या म्हणाला. इतकं सरळ तो कधीच बोलला नव्हता.

काकांनी त्याच्या टकलावर हात ठेवला. मग फोटोकडे तोंड केलं, पाठ ताठ केली, हात बाजूला सोडले, आरशासमोर उभं राहतात तसे.

"बसला," ते म्हणाले.

काही झालं नाही. बाहेर बेकरीवाल्याने शटर उघडलं. काका खुर्चीत येऊन बसले, चहा मागितला, दोन्ही पाव खाल्ले, बेकरीवाल्याला त्याची शिवण अजून वाकडीच असल्याचं ओरडून सांगितलं आणि जरा डोळा लागतो म्हणाले. बटण्या मशिनवर बसला होता. पँटचा एक पाय शिवून झाल्यावर त्याने मान वर केली, तेव्हा खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर, खूप दिवसांनी मनासारखं काही अंगात घातल्याचं समाधान होतं. बटण्याने दोनदा हाक मारली. मग मशिनचा दिवा बंद केला.

भेटायला येणारे दुकानातच बसत होते, कारण वर जागा नव्हती. सगळ्यांचं लक्ष फोटोकडे जायचं. "चौघांत धाकट्यांचा कोट भारी," पोस्टमास्तर म्हणाले. "फोटो काढला त्या दिवशी मी इथेच होतो. मी तेव्हाच म्हणालो होतो." बेकरीवाल्यालाही तो कोट पहिल्यापासून आठवत होता. बटण्याने कुणाशी वाद घातला नाही. फोटोत दादांचे हात पुन्हा गुडघ्यांवर होते, बोटाला चिंधी नव्हती, आणि चष्मा नीट वर बसला होता. काकांच्या गळ्यातली टेप मात्र आता काकांच्या गळ्यात नव्हती. असणार कशी? कोटावर कुणी टेप घालत नाही.

ती दादांच्या गळ्यात होती.

लोक येणं थांबल्यावर त्याने पुन्हा दुकान उघडलं. काकांची खुर्ची हलवावी की नाही ते ठरेना, म्हणून ती तिथेच राहिली. दिवसभरात डॉक्टर येऊन गेले, एक वकील येऊन गेला, दोघेही "मास्तर" म्हणाले. संध्याकाळी तो वर जेवायला गेला आणि हात धुवायला पाठमोरा वाकला, तेव्हा बायको मागून म्हणाली, "अहो, पाठीला खडू कसला लागलाय?"

"टेबलाचा असेल."

"टेबलाला पाठ घासता का तुम्ही?" तिने शर्टावरून हात फिरवला आणि थांबली. "खांद्यावर रेघा आहेत दोन्हीकडे. कमरेला एक आहे. कुणी माप घेतलंय की काय?"

तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला.

"आणि हे मानेखाली काय? गोल काढलाय." ती जवळून बघत होती. "आत चार ठिपके आहेत."

बटण्याने नकळत श्वास रोखून पोट आत ओढून घेतलं होतं. ते लक्षात आल्यावर त्याने हळूच पोट सोडलं.